टायगरला गाडी लागते

मराठीत गाडी लागते. ठेच लागते, दृष्ट लागते, उचकी लागते, तशीच गाडी लागते. चूक कुणाची, हा प्रश्न त्या क्रियापदाला पडतच नाही. लागली, झालं. आमच्या आजोबांच्या पिढीला मुंबईहून मालवण बंदरात येताना बोट लागायची, वडिलांच्या पिढीला यष्टी लागली आणि आता माझ्या गाडीत बसणाऱ्यांना व्हॅन लागते. मी मूळचा डी.एड. झालेला. शिक्षक भरतीची वाट बघता बघता वय पुढे सरकलं, तेव्हा कर्ज काढून व्हॅन घेतली आणि आचरा तिठ्यावर उभा राहिलो. त्याला आता १८ वर्षं झाली. मालवण वीसेक किलोमीटर, कणकवली पस्तीसेक. कोकणातले रस्ते, सरळ म्हणावा असा तुकडा दिसला की ड्रायव्हरलाच चुकल्यासारखं वाटतं. या १८ वर्षांत माझ्या गाडीत किती माणसं ओकली याचा हिशेब मी ठेवलेला नाही.

उपाय मात्र सगळे पाठ आहेत. लिंबू हुंगायचं, आवळासुपारी चघळायची, आल्याचा तुकडा दाढेखाली धरायचा. पेपरवर बसलं की गाडी लागत नाही अशी एक पक्की समजूत आहे. उतारूंनी अंगाखाली घेतलेल्या पेपरांवर मी कितीतरी शिळ्या बातम्या फुकटात वाचल्या आहेत. पुढच्या सीटच्या मागे प्लॅस्टिकच्या पिशव्या खोचलेल्या असतात. एवढी सोय केली की आपलं काम संपलं, असं मी मानत होतो. ज्याला लागते त्याने आपलं पोट सांभाळावं, आपण रस्ता सांभाळावा.

हे मत बदललं एका कुत्र्याने.

२०२४ चे गणपती नुकतेच गेले होते. वाडीतल्या एका काकींचा फोन आला. काकी एकट्या राहतात, मुलगा मुंबईत. गुडघे गेलेले, त्यामुळे बँक, दवाखाना, लग्नकार्य, कुठेही जायचं तर मलाच हाक.

“बाबू, कणकवलेक जावचा हा. पण एकटी नाय मी, टायगर पण हा.”

टायगर म्हणजे त्यांचा कुत्रा. चार वर्षांचा, तांबूस रंगाचा, एक कान उभा नि एक पडलेला, अस्सल गावठी. पिल्लू असताना समुद्रावर सापडला आणि काकींच्या मागून घरी आला तो राहिलाच. अख्ख्या वाडीत त्याचा दरारा. पोस्टमन हाक मारल्याशिवाय बेड्यात, म्हणजे फाटकात, पाय टाकत नाही. त्याला गाठ झाली होती. गावठी कुत्र्यांत सर्रास दिसणारा, एकाकडून दुसऱ्याला संसर्गाने होणारा गाठीचा आजार. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी बघून कणकवलीला न्यायला सांगितलं होतं. तिथे आठवड्याला एक इंजेक्शन, असे पाच-सहा आठवडे. आजार बरा होण्यातला होता; फक्त रस्ता तेवढा पार करायचा होता.

काकींनी निघण्यापूर्वी विचारलंही, “तेका गाडी लागतली काय रे?”

मी हसलो. “कुत्र्याक खंय गाडी लागता, काकी?”

चौघांनी मिळून टायगरला मागच्या सीटवर चढवला. दार लावलं. तिठा सोडून गाडी कणकवली रस्त्याला लागली आणि हा वाडीचा वाघ थरथरायला लागला. आधी जांभया. एकामागून एक, एवढ्या की मला वाटलं, झोप आली आहे बिचाऱ्याला. मग ओठ चाटणं. मग लाळ, थेंब नव्हे, तोंडाच्या दोन्ही बाजूंनी दोऱ्या. त्रिंबक मागे पडलं, रामगड जवळ आलं आणि एका वळणावर मागून काकींचा आवाज आला, “वकलो रे मेल्या, गाडी थांबय!” काकींनी त्याला निघताना पोटभर भात-तारली घातली होती, म्हणजे आजारी जीव, लांबचा प्रवास, उपाशी कसा न्यायचा. ती सगळी तारली माझ्या सीटवर आली.

मी गाडी धुतली. रागाने धुतली, खरं सांगतो. दुसऱ्या दिवशी लग्नाचं भाडं होतं. बादलीभर पाण्यात अर्धी बाटली फिनेल ओतलं, वर डॅशबोर्डवरच्या मोगऱ्याच्या सेंटचे चार फवारे मारले आणि वास गेला म्हणून समाधान मानलं.

पुढच्या आठवड्यात टायगर गाडीपाशी आला, हुंगला, आणि चारही पाय जमिनीत रोवून उभा राहिला. मी अजून किल्लीही फिरवली नव्हती, तरी लाळ सुरू झाली होती.

त्या दिवशी तो उपाशी होता, तरी पिवळं पाणी ओकला. ओकला तोही जवळजवळ त्याच वळणावर. काकींनी पदराने त्याचं तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, “तू हळू चालव रे.” मी म्हटलं, चाळीसच्या वर गेलोय कुठे? त्यावर त्यांनी जे उत्तर दिलं ते मी विसरलेलो नाही. “तुका गाडी लागणा नाय, म्हणान तुका कळणा नाय.”

कणकवलीचे डॉक्टर तरुण होते आणि बोलके. इंजेक्शनचं औषध सदाफुलीतून निघालेलं आहे, हे त्यांनीच सांगितलं. काकींच्या बेड्यात दोन्ही बाजूंना सदाफुली आहे. त्यांचा चेहरा उजळलेला बघून डॉक्टर घाईने म्हणाले, “काकी, पानं उकळून पाजू नका हां. विष आहे ते. डोस मोजून शिरेतून द्यायचा असतो, तोही रक्त तपासून.” मग मी ओकारीचा विषय काढला. या इंजेक्शनानेही मळमळू शकतं, असं ते म्हणाले. पण टायगर तर इंजेक्शनाच्या आधीच, जातानाच ओकत होता. आणि येताना? तोच रस्ता, तीच वळणं, तोच ड्रायव्हर. येताना तो नुसता पडून होता, आचऱ्याच्या हद्दीत आल्यावर त्याने मान वर केली होती.

हे ऐकून डॉक्टर म्हणाले, “म्हणजे याला दोन आजार आहेत. एक कानाचा, एक मनाचा.”

कानाचा असा. माणसाच्या काय नि कुत्र्याच्या काय, कानाच्या आत खोल तीन अर्धगोल नळ्या असतात, त्यांत पाणी असतं. डोकं हललं की पाणी हलतं आणि मेंदूला कळतं, आपण वळलो, झुकलो, थांबलो. गाडीत कान सांगतो की आपण हलतोय आणि डोळ्यांना समोरची सीट जागच्या जागी दिसते. दोघांच्या साक्षी जुळत नाहीत आणि भोगायला लागतं पोटाला. ज्यांची कानातली ही यंत्रणा जन्मापासूनच काम करत नाही, अशा माणसांना बोटही लागत नाही. पिल्लांना गाडी जास्त लागते आणि पुष्कळदा मोठी होता होता ती सुटते. ड्रायव्हरला सहसा लागत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच ठाऊक असतं; अंग वळण्याआधी मेंदू वळलेला असतो. काकींनी एका वाक्यात सांगितलं होतं तेच हे.

मनाचा आजार सांगताना डॉक्टर म्हणाले, “पावलोव्हचा कुत्रा माहीत आहे का?” मला हसू आलं. डी.एड.ला मानसशास्त्राच्या पेपरात पावलोव्ह मी पाठ करून लिहिला होता. कुत्र्याला खाणं देण्यापूर्वी ठराविक आवाज करायचा. काही दिवसांनी नुसत्या आवाजाने लाळ सुटते. अभिसंधान. त्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळाले होते. आणि इथे माझ्याच गाडीच्या दाराशी एक कुत्रा दोन आठवड्यांत तोच धडा गिरवत होता, तर मी त्याला हट्टी म्हणत होतो. फरक एवढाच की पावलोव्हच्या कुत्र्याची लाळ भुकेची होती, टायगरची मळमळीची. चार वर्षांच्या आयुष्यात हा कुत्रा चाकावर कधी बसला नव्हता. बसला तो पोट ढवळायला आणि त्यानंतर सुई टोचून घ्यायला. गाडी म्हणजे काय, याचा त्याने काढलेला अर्थ अगदी बरोबर होता.

पावलोव्हना नोबेल मिळालं १९०४ मध्ये, पचनावरच्या कामासाठी. कानातल्या तोलाच्या यंत्रणेवर काम करणाऱ्या व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानींना मिळालं १९१४ चं. दहा वर्षांच्या अंतराची ही दोन नोबेलं माझ्या व्हॅनच्या मागच्या सीटवर एकत्र लाळ गाळत बसली होती.

डॉक्टरांनी ओकारीवरची गोळी लिहून दिली, प्रवासाच्या आधी द्यायची. घरातली माणसांची गोळी आपल्या मनाने देऊ नका, हेही बजावलं. वजन बघावं लागतं आणि अंगात चालू असलेलं दुसरं औषधही. निघण्याआधी चारेक तास खायला नको, पाणी थोडं चालेल. तिसऱ्या फेरीला गोळी दिली. टायगर ओकला नाही. मी मनात म्हटलं, सुटलो. पण आरशात बघतो तर थरथर तशीच होती. कान मागे, शेपूट पोटाखाली, डोळ्यांच्या पांढऱ्या कडा दिसताहेत. गोळी पोटापर्यंत पोचली होती, भीतीपर्यंत नाही. माझी सीट कोरडी राहिली एवढंच. पूर्वीचा मी असतो तर तेवढ्यावर थांबलो असतो.

पण त्या फेरीला एक आवाज माझ्या कानात बसला. ओकारीची गडबड नव्हती, काकी गप्प होत्या, त्यामुळे मागचा आवाज प्रथमच नीट ऐकू आला. खर्र. ब्रेक लावला की खर्र. वळलो की खर्र. टायगर सीटवर उभा होता आणि रेक्झिनवर त्याची नखं घसरत होती. दर ब्रेकला तो चारही पायांनी काहीतरी पकडायला बघत होता आणि पकडायला काहीच नव्हतं. माणूस दांडी धरतो, पुढची सीट धरतो, शेजारच्याचा खांदा धरतो. कुत्र्याने काय धरायचं?

रामगड ते कलमठ मी तो आवाज मोजत गेलो. चाळीसनंतर मोजणं सोडलं. चाळीस वेळा मी एका जिवाला घसरवला होता आणि मला वाटत होतं मी सावकाश चालवतो. सावकाश चालवणं वेगळं, नीट चालवणं वेगळं. माझी सवय अशी की वळणापर्यंत गाडी न्यायची, वळणात ब्रेक मारायचा, वळण संपलं की परत गाडी उचलायची. काट्यावर वेग कमीच दिसतो. पण मागच्या सीटवर बसलेल्याच्या पोटात प्रत्येक वळणाला तीन हिसके.

चौथ्या फेरीपर्यंत मी तीन गोष्टी केल्या. मागची सीट आडवी पाडून सपाट जागा केली, त्यावर काकींच्या घरातलं गोणपाट दुमडून घातलं, टायगर रोज ज्यावर झोपायचा तेच. नखं रुतायला जागा झाली आणि ओळखीचा वासही. सेंटची बाटली काढून टाकली. माणसाला जो मोगरा वाटतो तो कुत्र्याच्या नाकाला काय होत असेल कोण जाणे. आणि फिनेल बंद केलं. डॉक्टरांच्या दवाखान्यात टायगरला घेऊन उभा असताना ते माझ्या लक्षात आलं. फरशी नुकतीच पुसलेली होती आणि तो वास तंतोतंत माझ्या गाडीचा होता. म्हणजे मी दर आठवड्याला गाडी धुऊन, पुसून, तिचा दवाखाना करून टायगरसमोर उभी करत होतो. आता साबणाचं पाणी आणि दिवसभराचं ऊन.

काचा दोन बोटं उघड्या ठेवल्या. आणि वळण येण्याआधीच वेग उतरवायचा, वळणात ब्रेकला पाय लावायचा नाही, असं ठरवलं. सवय मोडावी म्हणून प्रत्येक वळणाआधी मी मोठ्याने म्हणायला लागलो, “टायगर, वळान इला.” त्याला ते कळत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. पण म्हणायचं म्हणजे वळण आधी बघायला लागायचं, आणि बघितलं की पाय आपोआप हलका व्हायचा. खर्र कमी झालं. सहाव्या फेरीला कलमठपर्यंत मी ते सात वेळाच ऐकलं.

दिवाळीपर्यंत इंजेक्शनं संपली. गाठ गेली. एरवी माझा आणि टायगरचा संबंध तिथे संपायचा. पण डिसेंबरात गावपळण होती.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमच्या आचऱ्यात काही वर्षांनी एकदा, श्री देव रामेश्वराचा कौल घेऊन, सगळा गाव तीन दिवस तीन रात्री शिवेबाहेर राहायला जातो. बारा वाड्यांतली घरं बंद होतात. जात-धर्म बघितला जात नाही. आणि नुसती माणसं नाहीत. गुरं, शेरडं, कोंबडी, कुत्री, मांजरं सगळी बरोबर. शेजारच्या वायंगणी, चिंदरच्या हद्दीत माळावर झावळ्यांच्या नि ताडपत्रीच्या झोपड्या उभ्या राहतात, चुली पेटतात, रात्री भजनं होतात. परतायचं तेही पुन्हा कौल मिळाल्यावरच. याच्या मागे काय कारण असावं यावर पुष्कळ तर्क लढवले जातात, मी त्यात पडत नाही. मला एवढंच दिसतं की कुत्र्या-मांजरालाही घरचं माणूस धरून हलवणारं गाव मी दुसरं फार बघितलेलं नाही.

काकी म्हणाल्या, “गावपळण इली. हेका खंय ठेवू?” त्यांना चालत जाणं शक्य नव्हतं. टायगर गाडीमागून पळत आला असता. पण त्या दिवशी रस्त्यावर टेंपो, रिक्षा, गुरं आणि बारा वाड्यांतली अनोळखी कुत्री. त्यात त्याला सोडायचा काकींना धीर होत नव्हता. हातात महिना-सव्वा महिना होता. मी म्हटलं, बघूया.

रोज संध्याकाळी शेवटचं भाडं सोडून आलो की काकींच्या अंगणात गाडी लावायची, सगळी दारं उघडी टाकायची आणि आपण पायरीवर बसून चहा प्यायचा. बस, एवढंच. इंजिन बंद. काकी उकडलेल्या तारलीचा काटा बोटांनी चाचपून काढायच्या आणि मासा गोणपाटावर ठेवायच्या. पहिले दोन दिवस टायगर तुळशीपलीकडून बघत राहिला. तिसऱ्या दिवशी पुढचे दोन पाय आत, मागचे दोन जमिनीवर, आणि मान लांब करून तारली पळवली. पाचव्या दिवशी चारही पाय आत. कुणी ढकलायचं नाही, कुणी दार लावायचं नाही, हा नियम. आत येणं जसं त्याचं, तसं बाहेर जाणंही त्याचं.

आठवड्याने किल्ली फिरवली. टायगर पडवीत जाऊन बाकाखाली शिरला तो जेवायलाही बाहेर आला नाही. दोन दिवस मागे गेलो. मग इंजिन आधी चालू, तेही मी गाडी बेड्याबाहेर नेऊन. गाडी आवाज करत असतानाच तारली. मग दार लावून. मग बेड्यापर्यंत जाऊन परत. तिठ्यावर ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. “कुत्र्याक लायसन काढून देतंस काय रे?” असं एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, भाडं मीटरवर घेतोस की तारल्यांवर? खरं तर काकी पैसे देत होत्या, मी घेत नव्हतो. शेवटी त्यांनी सोलांची बरणी माझ्या बायकोकडे परस्पर पोचवली.

त्यानंतरची पायरी सगळ्यात सोपी होती आणि तीच खरी होती. गाडी समुद्रावर नेली. काकींच्या घरापासून किनारा दोनेक किलोमीटर. दार उघडलं. समोर ओली वाळू, कुर्ल्यांची बिळं, ओढून आणलेल्या रापणीच्या कडेला पडलेली मासळी. जिथे हा पिल्लू असताना सापडला ती त्याची जागा. अर्धा तास त्याने नुसतं पळून काढलं. रापणीवरचा एक म्हातारा आमचा खेळ रोज बघायचा. त्याला मी सगळी हकीकत सांगितली, तर तो म्हणाला, “पयल्यांदा होडयेत बसलेलो सगळोच वकता. दर्यो माणसाक वळखाक चार दिस घेता.” आपण दर्याला ओळखायचं नाही, दर्याने आपल्याला ओळखायचं, मला ते आवडलं.

रोज समुद्र. कधी एक दिवस आड. कणकवलीच्या रस्त्याला चुकूनही जायचं नाही.

मध्ये एकदा मीच घाण केली. भाडं उशिरा सुटलं, अंधार पडत होता, तरी एक फेरी मारून टाकू म्हणून टायगरला घेतला. परतताना त्याने जांभई दिली. मला दिसली. एव्हाना मला ठाऊक होतं की ती झोपेची नाही. जांभई, ओठ चाटणं, लाळ, आवंढा, मग ओकारी, अशी ती शिडी आहे, आणि उतरायचं असेल तर पहिल्या पायरीवर उतरायचं. गाडी बाजूला घेऊन त्याला पाच मिनिटं जमिनीवर उभा केला असता तरी भागलं असतं. पण घर दोन वळणांवर होतं. म्हटलं, पोचूच. त्यात समोर रस्त्यात गुरं बसलेली. जोरात ब्रेक मारला. गोणपाटासकट टायगर पुढे आला आणि पुढच्या सीटच्या पाठीवर आपटून ओकला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तुळशीपलीकडे उभा. दोन वळणं वाचवायला गेलो आणि आठवडा घालवला. त्या आठवड्यात टायगरच्या पट्ट्याला आडवा पट्टा जोडून तो सीटच्या हुकाला बांधायची सोय केली, गळ्याला नव्हे, छातीला. ती पहिल्या दिवशीच करायला हवी होती.

गावपळणीच्या दिवशी माझ्या गाडीने सकाळपासून किती फेऱ्या मारल्या ते आठवत नाही. काकींची फेरी दुपारची. टोप, तांदळाची पिशवी, चटया, कंदील, शेजारणीच्या कोंबड्या टोपलीत झाकलेल्या, आणि त्या सगळ्यांच्या मधोमध गोणपाटावर टायगर. सकाळपासून उपाशी ठेवलेला. रस्त्यावर गर्दी एवढी की गाडी चालत्या बैलाच्या चालीने. चार-पाच किलोमीटरला पाऊण तास लागला. कोंबड्या कलकलत होत्या, टायगरचं सगळं लक्ष त्या टोपलीवर. त्याने दोन जांभया दिल्या. मी दोन्ही वेळा थांबलो. मागून हॉर्न वाजले, वाजू दिले. माळावर पोचून दार उघडलं तेव्हा गोणपाट कोरडं होतं.

तीन रात्री तो काकींच्या झोपडीच्या तोंडाशी झोपला. कौल झाला, गाव परतायला निघाला, तेव्हा मी गाडी लावून दार उघडलं. कोंबड्यांची टोपली अजून बाहेर होती, टोप बाहेर होते. टायगर आत जाऊन बसला होता.

इथे गोष्ट संपवली तर ती गोड होईल, पण खरी होणार नाही. जानेवारीत तपासणीसाठी त्याला परत कणकवलीला न्यायचं होतं. तिठ्यावरून गाडी समुद्राकडे न वळता दुसरीकडे वळली, तशी त्याची मान वर झाली. त्रिंबक गेलं. रामगडच्या अलीकडे लाळ सुरू झाली, तेच वळण. मी गाडी बाजूला घेतली, त्याला उतरवला, झाडाखाली पाय मोकळे करू दिले. दहा मिनिटांनी तो आपणहून चढला. ओकला नाही. दवाखान्यात मात्र थरथरला. ते थरथरणं आजही आहे, आणि सुई टोचणाऱ्या जागी जाताना तेवढं मी त्याला माफ केलं आहे.

या खटाटोपातून माझ्या धंद्यात एक बदल झाला. आता गाडीत कुणी फिकट पडलेलं दिसलं की मी त्यांना पुढे बसवतो आणि वळणाआधी सांगतो, आता डावीकडे घेतोय, आता उतार. आधी लोकांना वाटतं, ड्रायव्हरला बडबडायची सवय आहे. पण सीटमागच्या पिशव्यांचं पुडकं मला पूर्वी महिन्याला एक लागायचं, ते आता तीन-तीन महिने पुरतं.

घरात नवं पिल्लू आणलंत तर माझं एक ऐका. त्याची गाडीतली पहिली फेरी डॉक्टरकडची होऊ देऊ नका. आधी चार वेळा समुद्रावर न्या. समुद्र नसेल तर नदीवर, माळावर, मामाच्या घरी, जिथे त्याला उतरावंसं वाटेल तिथे. पोट रिकामं ठेवा, पायाखाली नखं रुततील असं काही घाला, छातीला पट्टा बांधा, जांभई दिसली की थांबा. ओकारी थांबतच नसेल तर डॉक्टरांना विचारा, घरातली गोळी देऊ नका. आणि स्टिअरिंग तुमच्या हातात असेल तर मागच्या सीटवर नखं किती वेळा वाजली ते एकदा मोजून बघा. मी मोजली तेव्हा चाळीस झाली होती, आणि तोपर्यंत इतकी वर्षं मी स्वतःला चांगला ड्रायव्हर समजत होतो.